एजंट ‘किंमत बदलली’ म्हणतो, नोंद मात्र तशीच राहते: उत्पादन-नोंदी बदलणाऱ्या टूलचे वर्णन कसे तपासावे

वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसमधील ऑनलाइन दुकानाच्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या छोट्या दुकानांच्या उत्पादन-नोंदी एआय एजंटकडून अद्ययावत करून घेण्याची सोय मी काही दुकानदारांना बसवून दिली आहे. ती बसवल्यानंतर पहिल्या महिनाभरात एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत येते, आणि ती इतक्या वेळा दुरुस्त केली आहे की आता प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा लिहून ठेवणे बरे. रचना सर्वत्र साधारण सारखी असते. दुकानदार किंवा त्याचा कर्मचारी एजंटशी बोलतो. एजंट मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या, म्हणजे एमसीपीच्या, सर्व्हरवरचे एखादे टूल, म्हणजे एक ठरावीक काम करणारा छोटा प्रोग्राम, चालवतो. आणि ते टूल वूकॉमर्सच्या रेस्ट एपीआयकडे, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना नोंदी वाचू व बदलू देणाऱ्या दाराकडे, बदल पाठवते. हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. तुमचे दुकान दुसऱ्या एखाद्या व्यवस्थेवर असेल तर फील्डची, म्हणजे नोंदीतील रकान्यांची, नावे निराळी असतील; तपासाचा क्रम मात्र हाच ठेवावा.

लक्षणे

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दोनदा घडली असेल, तरी हा लेख तुमच्यासाठी आहे. एजंट किंमत बदलल्याचे सांगतो, पण दुकानात जुनीच किंमत दिसते. किंमत बदलते, पण भलत्याच वस्तूची. सांगितलेला बदल नीट होतो, परंतु त्याच वस्तूचे प्रवर्ग किंवा चित्रे गायब होतात. ‘कार्टमध्ये टाका’ हे बटण काही वस्तूंवरून अचानक नाहीसे होते. शंभर वस्तूंची यादी दिली असता सगळ्या झाल्याचे कळवले जाते आणि पंधरा दिवसांनी ग्राहकाच्या तक्रारीवरून कळते की तीन राहिल्या होत्या. साठ्याचा आकडा एकाऐवजी दोनदा वाढतो. आणि सर्वांत फसवे लक्षण म्हणजे हेच काम काल बरोबर झाले होते आणि आज चुकले.

या शेवटच्या लक्षणामुळे बहुतेक जण एजंटमागच्या एआय मॉडेलला दोष देतात आणि महागडे मॉडेल घेतात. माझा अनुभव असा की मूळ कारण बहुतेक वेळा टूलच्या वर्णनात सापडते. एजंटला तुमचे दुकान दिसत नाही आणि तुमच्या डेव्हलपरच्या मनातले संकेतही ठाऊक नसतात. त्याला टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा, एवढेच मिळते. त्या मजकुरात जी जागा मोकळी राहते ती तो अंदाजाने भरतो, आणि अंदाज एक दिवस बरोबर व दुसऱ्या दिवशी चूक येऊ शकतो.

तपासाला हात घालण्यापूर्वी

दोन गोष्टी आधी कराव्यात. दोन्ही फुकट आहेत. वूकॉमर्सच्या उत्पादन-यादीतील निर्यातीची सोय वापरून सर्व वस्तूंची सीएसव्ही फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्या नावात तारीख व वेळ घालावी. नोंदी आधीच बिघडलेल्या असल्या तरी ही फाइल उपयोगी पडते, कारण दुरुस्ती करताना आणखी काही बिघडले तर निदान आजच्या स्थितीपर्यंत परत येता येते. त्यानंतर एजंटच्या एपीआय कीची, म्हणजे एपीआयचे दार उघडणाऱ्या सांकेतिक किल्लीची, परवानगी ‘वाचन’ एवढीच करावी. ही परवानगी वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये, ॲडव्हान्स्ड या विभागातील रेस्ट एपीआय या पानावर बदलता येते. चालत्या यंत्रात हात घालू नये, हा नियम येथेही लागू आहे.

पहिला तपास: बदल खरोखर झालेला नाही का?

वस्तूचे ग्राहकाला दिसणारे पान न पाहता प्रशासनातील संपादनाचे पान उघडावे. तेथे नवी किंमत असेल आणि बाहेर जुनी दिसत असेल, तर एजंट आणि टूल दोघेही निर्दोष आहेत. दोष कॅशचा, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीचा, आहे. कॅश रिकामी करावी आणि खासगी खिडकीत पान पुन्हा पाहावे. वस्तूच्या पानावर किंमत बरोबर आहे, पण किमतीनुसार लावलेल्या क्रमात किंवा गाळणीत ती चुकीच्या जागी येते, असे दिसल्यास वूकॉमर्सच्या स्थिती-पानावरील साधनांतून उत्पादनांची लुकअप तक्ती (क्रम व गाळणीसाठी वेगळी ठेवलेली यादी) पुन्हा तयार करून घ्यावी.

येथेच आणखी एक गोष्ट पाहावी. वस्तूवर सवलतीची किंमत चालू असेल तर ग्राहकाकडून तीच घेतली जाते. एजंटने नियमित किंमत बदलली असेल तर बदल झालेला असतो, परंतु कोणाला जाणवत नाही. हा तपास पाच मिनिटांचा आहे आणि माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी येथेच मिटल्या, म्हणून तो पहिला.

दुसरा तपास: एजंटने सांगितलेले सोडून एजंटने पाठवलेले पाहा

‘किंमत यशस्वीरीत्या अद्ययावत केली’ हे वाक्य पुरावा मानू नये. बहुतेक एमसीपी क्लायंटमध्ये, म्हणजे ज्या ॲपमधून तुम्ही एजंटशी बोलता त्यात, टूलच्या प्रत्येक वापराखाली दोन मजकूर उघडून पाहता येतात, एक एजंटने टूलला दिलेला आणि दुसरा टूलने परत केलेला. ते तुमच्याकडे दिसत नसतील तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, असतील. तेथेही नसतील तर डेव्हलपरला पहिले काम हेच सांगावे, कारण त्याशिवाय पुढचा प्रत्येक तपास अंधारात होतो.

पाठवलेल्या मजकुरात तीन गोष्टी शोधाव्यात: कोणती नोंद, कोणते फील्ड आणि कोणते मूल्य. ज्या ठिकाणी तुमची सूचना आणि हा मजकूर यांत फरक पडतो, तेथेच वर्णनातले छिद्र असते. दोन्ही जुळत असतील आणि तरीही बदल झाला नसेल, तर दोष टूलच्या आत किंवा त्याच्या पलीकडे आहे. मग चौथा तपास वाचून झाल्यावर थेट सहाव्याकडे जावे.

तिसरा तपास: एजंट जुने वर्णन तर वाचत नाही ना?

वर्णन दुरुस्त केले, तरी चूक तशीच, अशी तक्रार आली की मी आधी क्लायंट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला आणि नव्या संभाषणात काम द्यायला सांगतो. टूलची यादी सहसा जोडणी होताना एकदाच घेतली जाते. यादी बदलल्याची सूचना सर्व्हरने पाठवावी अशी तरतूद प्रोटोकॉलमध्ये आहे, पण ती पाठवणे सर्व्हर लिहिणाऱ्यावर आणि पाळणे क्लायंटवर अवलंबून असते. मी स्वतः एकदा अख्खी दुपार एकाच वाक्याचे आठ पाठभेद करून पाहण्यात घालवली होती, आणि त्यांतला एकही एजंटपर्यंत पोहोचलेला नव्हता.

चौथा तपास: परवानगी

कीला फक्त वाचनाची परवानगी असेल तर वूकॉमर्स बदल नाकारते आणि ४०१ हा नकाराचा क्रमांक परत करते. तपासापूर्वी तुम्ही स्वतःच ती परवानगी काढली असेल, हे विसरू नये. उलट बाजूची अडचण कमी ओळखीची आहे: कीला केवळ लेखनाची परवानगी दिली तर एजंटला बदल करता येतो, पण नंतर नोंद वाचून खात्री करता येत नाही. त्यामुळे काम सुरू करताना वाचन व लेखन दोन्ही द्यावे. काही स्वस्त होस्टिंगवर विनंतीसोबत जाणारा, ओळख पटवणारा मजकूर (हेडर) वाटेतच काढून टाकला जातो. की बरोबर असून ४०१ येत राहिले तर होस्टिंगवाल्यांना हाच प्रश्न विचारावा.

पाचवा तपास: वर्णन स्वतः वाचणे

या तपासाला पैसे लागत नाहीत, पण तासभर शांत वेळ लागतो. टूलचे वर्णन कागदावर छापून घ्यावे आणि ते दुकानात आजच रुजू झालेल्या मुलाच्या हाती दिले आहे असे समजून वाचावे. त्याला प्रश्न विचारण्याची सोय नाही, एवढे ध्यानात ठेवावे. मला सर्वाधिक वेळा सापडलेले वर्णन असे असते: ‘उत्पादन अद्ययावत करते. उत्पादन क्रमांक व बदल द्यावेत.’ या दोन छोट्या वाक्यांत किती संदिग्धता मावते ते आता पाहू.

‘उत्पादन क्रमांक’ म्हणजे काय? वूकॉमर्समध्ये प्रत्येक नोंदीला आपोआप मिळालेला आयडी असतो आणि दुकानदाराने ठरवलेला एसकेयू, म्हणजे वस्तूचा सांकेतिक क्रमांक, असतो. एका फरसाणवाल्यांकडे एसकेयू चार अंकी आकडे होते. चिवड्याचा एसकेयू १२०४ होता, आणि १२०४ हा आयडी योगायोगाने गाईच्या तुपाच्या बरणीला मिळालेला होता. एजंटने चिवड्याची किंमत ‘उत्पादन क्रमांक १२०४’ला लावली, टूलने तो आयडी मानला, आणि रात्रभर तूप चिवड्याच्या भावाने विकले गेले. कोणत्याही पायरीवर चूक दाखवली गेली नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या काही चुकलेच नव्हते. फील्डचे नाव स्पष्ट ठेवावे, आणि एसकेयू हा मजकूर म्हणून जाहीर करावा, संख्या म्हणून नाही. संख्या म्हटले की ००४५ चे ४५ होते.

नावावरून नोंद शोधू देणे तर त्याहून धोक्याचे. ‘तूप ५०० ग्रॅम’ आणि ‘तूप ५०० मिली’ या दोन वेगळ्या वस्तू असतात, आणि आपल्याकडे एकाच वस्तूचे नाव देवनागरीत एका प्रकारे आणि रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलेले असते. शोधाला एकापेक्षा अधिक नोंदी सापडल्या तर काय करायचे, हे वर्णनात लिहिले नसेल तर एजंट पहिली नोंद उचलतो.

आता फील्ड. वूकॉमर्सच्या उत्पादन-नोंदीत प्राइस, रेग्युलर प्राइस आणि सेल प्राइस अशी तीन फील्ड आहेत. त्यांतले पहिले केवळ वाचण्यासाठी आहे. उरलेल्या दोहोंवरून ते आपोआप ठरते. एजंटने किंमत प्राइस या फील्डमध्ये पाठवली तर वूकॉमर्स ती मुकाट्याने दुर्लक्षित करते आणि सर्व ठीक असल्याचा २०० हा प्रतिसाद देते. एमआरपी अशा नावाचे, अस्तित्वातच नसलेले फील्ड पाठवले तरी तसेच घडते. लक्षणांच्या यादीतील पहिल्या तक्रारीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे, आणि ते माहीत नसताना माणूस दिवसेंदिवस एजंटच्या प्रामाणिकपणावर संशय घेत बसतो. यावर उपाय दुहेरी असावा. कोणती फील्ड बदलता येतात त्यांची नावे वर्णनात द्यावीत, आणि टूलच्या आराखड्यात यादीबाहेरची फील्ड नाकारण्याची अट घालावी, म्हणजे चूक वूकॉमर्सपर्यंत पोहोचण्यापूर्वीच उघड होते.

एकाच वस्तूची वेगवेगळी वजने किंवा मापे विकत असाल तर आणखी एक पायरी वाढते. अशा वस्तूच्या मूळ नोंदीवर किंमत लावून उपयोग नसतो. किंमत प्रत्येक व्हेरिएशनची, म्हणजे त्या त्या वजनाच्या किंवा मापाच्या प्रकाराची, असते, आणि ते बदलण्याचा एपीआयचा पत्ताही वेगळा असतो, ज्यात मूळ वस्तूचा आणि व्हेरिएशनचा असे दोन्ही आयडी लागतात. वर्णनात याचा उल्लेख नसेल तर पाव किलोच्या पाकिटाची किंमत बदलायला सांगितल्यावर एजंट मूळ नोंदीशी झटापट करत राहील.

मग मूल्य. वूकॉमर्सला किंमत मजकूर म्हणून हवी असते. नुसती संख्या पाठवली तर ती अवैध ठरवून ४०० हा प्रतिसाद येतो. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती ओरडून सांगते. आपल्याकडची खरी अडचण लिहिण्याच्या सवयींची आहे: १,२५,००० मधले स्वल्पविराम, रुपयाचे चिन्ह, देवनागरी अंक, शेवटी ‘फक्त’. अंक कोणत्या लिपीतले, स्वल्पविराम नको, चिन्ह नको, दशांशानंतर किती स्थळे, हे एका वाक्यात सांगून टाकावे आणि एक उदाहरण द्यावे.

कराबाबत दोन परिच्छेद खर्च करणे भाग आहे, कारण २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले तेव्हा या एका मुद्द्याने मला आठवडाभर झोपू दिले नाही. तूप, लोणी, पाकीटबंद फरसाण यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि दुकानदारांनी एजंटला सांगितले, ‘सात टक्के कमी झाले आहेत, त्याप्रमाणे किमती उतरव.’ एजंटने ११२ रुपयांच्या पाकिटातून सात टक्के वजा करून १०४ रुपये १६ पैसे लावले. वास्तविक ११२ मध्ये मूळ किंमत १०० आणि कर १२ होता. नवी किंमत १०५ यायला हवी होती. एका पाकिटामागे ८४ पैसे ही रक्कम क्षुल्लक वाटते, पण ३३६ रुपयांच्या तुपाच्या बरणीवर ३१५ ऐवजी ३१२ रुपये ४८ पैसे लागले, म्हणजे प्रत्येक बरणीमागे अडीच रुपये दुकानदाराच्या खिशातून गेले. वर्णनात ‘किंमत करासहित आहे’ एवढे जरी लिहिलेले असते, तरी एजंटला हिशेब कोठून सुरू करायचा ते कळले असते. तुमच्या दुकानात किमती करासहित भरल्या जातात की कराविना, हे वूकॉमर्सच्या करविषयक सेटिंगमध्ये पाहावे आणि तेच शब्द टूलच्या वर्णनात उतरवावेत.

दुसरा भाग करवर्गाचा. प्रत्येक वस्तूला करवर्ग दिलेला असतो आणि तो ठरावीक सांकेतिक नावानेच ओळखला जातो. एजंटने तेथे ‘५ टक्के’ असे काही लिहिले आणि त्या नावाचा वर्ग अस्तित्वात नसला, तर वूकॉमर्स तक्रार न करता त्या वस्तूला प्रमाण वर्गात टाकते. तुमच्याकडे प्रमाण वर्ग १८ टक्क्यांचा असेल तर पुढचे प्रत्येक बिल चुकीचे निघते. म्हणून या फील्डसाठी मोकळा मजकूर स्वीकारू नये. दुकानात असलेल्या वर्गांची सांकेतिक नावे आराखड्यात यादी म्हणून द्यावीत आणि प्रत्येकापुढे त्याचा दर लिहावा.

रिकामी जागा हाही एक संदेश असतो. आराखड्यात दहा ऐच्छिक फील्ड असली की काही एजंट सर्व दहा भरतात, आणि जेथे सांगण्यासारखे काही नसते तेथे रिकामा मजकूर पाठवतात. वूकॉमर्सच्या दृष्टीने न पाठवलेले फील्ड म्हणजे ‘आहे तसे राहू द्या’, पण रिकामे पाठवलेले फील्ड म्हणजे ‘पुसून टाका’. नियमित किंमत पुसली गेली की वस्तू विक्रीयोग्य राहत नाही आणि खरेदीचे बटण नाहीसे होते. लक्षणांतील त्या कोड्याचे उत्तर हे आहे. ‘जे बदलायचे नाही ते फील्ड मुळीच पाठवू नये, रिकामा मजकूर म्हणजे पुसणे’ हे वाक्य वर्णनात असावेच.

प्रवर्ग आणि चित्रे यांच्या बाबतीत हाच प्रश्न यादीच्या रूपाने येतो. तुम्ही ‘हा चिवडा दिवाळी फराळातही टाक’ असे सांगता, एजंट फक्त दिवाळी फराळ हा एक प्रवर्ग पाठवतो, आणि वूकॉमर्स जुनी यादी काढून नवी लावते. चित्रांची यादीही अशीच पूर्ण बदलली जाते. शिवाय जुने चित्र त्याच्या आयडीऐवजी पुन्हा पत्त्याने पाठवले तर माध्यम-संग्रहात त्याची दुसरी प्रत तयार होते. वर्णनात ‘ही यादी जुन्या यादीची जागा घेते, भर घालायची असल्यास आधी सध्याची यादी वाचून ती नव्या यादीत समाविष्ट करावी’ असे लिहावे. माझे स्वतःचे मत याहून कडक आहे: प्रवर्ग जोडण्याचे आणि काढण्याचे टूल वेगवेगळे असावे आणि यादी बदलण्याची सोय एजंटला देऊच नये.

एवढे सगळे ध्यानात घेऊन मी किमतीच्या टूलचे वर्णन हल्ली असे लिहितो: ‘हे टूल एका साध्या उत्पादनाची नियमित किंमत बदलते. उत्पादन एसकेयूवरून ओळखले जाते. एसकेयू माहीत नसल्यास आधी शोधाचे टूल वापरावे आणि एकापेक्षा अधिक नोंदी सापडल्यास वापरकर्त्याला विचारावे. किंमत करासहित, रुपयांत, इंग्रजी अंकांत, चिन्ह व स्वल्पविराम न घालता, दशांशानंतर दोन स्थळांपर्यंत, मजकूर म्हणून द्यावी. सवलतीची किंमत, साठा, प्रवर्ग व करवर्ग यांना हे टूल हात लावत नाही. उत्पादनाला व्हेरिएशन असल्यास हे टूल चूक कळवते. त्या वेळी व्हेरिएशनच्या किमतीचे टूल वापरावे. उत्तरात जुनी व नवी किंमत मिळते. वापरकर्त्याला दोन्ही सांगाव्यात.’ यातले प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या दुकानातल्या घोटाळ्यातून आलेले आहे. टूल काय करत नाही हे सांगणारे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तेच सर्वांत जास्त चुका वाचवते.

हे वर्णन मराठीत लिहावे की इंग्रजीत, असे मला हमखास विचारले जाते. मॉडेलला दोन्ही कळतात. दुकानात जो माणूस ते पुढे सुधारणार आहे त्याला ज्या भाषेत नेमके लिहिता येते तीच भाषा निवडावी. मात्र फील्डची नावे आणि सांकेतिक मूल्ये यांचे भाषांतर करू नये.

सहावा तपास: टूल परत काय सांगते?

वर्णन निर्दोष आहे, पाठवलेला मजकूरही बरोबर आहे, तरी एजंट खोटे यश कळवतो, असे असेल तर टूलच्या उत्तराकडे पाहावे. पुष्कळ टूल यश आले की ‘झाले’ एवढेच परत करतात. वूकॉमर्स मात्र बदलानंतरची पूर्ण नोंद परत पाठवत असते; टूलने त्यातून बदललेल्या फील्डचे मूल्य काढून, ते मागितलेल्या मूल्याशी ताडून, मगच यश कळवावे. प्राइस फील्डचा आणि करवर्गाचा असे दोन्ही मूक दोष या एका ताळ्याने पकडले जातात.

चूक झाल्यावर टूल काय करते हेही पाहावे. एमसीपीमध्ये टूलच्या उत्तरातच ‘हे उत्तर म्हणजे चूक आहे’ अशी खूण करता येते, जेणेकरून मॉडेलला ती दिसते आणि सुधारता येते. ही खूण न करता चुकीचा मजकूर साध्या उत्तरासारखा पाठवला तर घाईतला एजंट त्याला यश समजू शकतो. चुकीच्या मजकुरातही पुढे काय करावे ते असावे. ‘अवैध मूल्य’ याऐवजी ‘किंमत मजकूर स्वरूपात हवी, उदाहरणार्थ 105.00’ असे सांगितले की एजंट दुसऱ्या प्रयत्नात काम बरोबर करतो.

एकगठ्ठा बदलांचा सापळा वेगळा आहे. वूकॉमर्सच्या एका बॅचमध्ये, म्हणजे एकत्र पाठवलेल्या गठ्ठ्यात, मूळ मर्यादेनुसार १०० नोंदी जातात, आणि त्यांतल्या काही फसल्या तरी एकूण प्रतिसाद २०० असाच येतो. फसलेल्या नोंदींच्या चुका त्या त्या नोंदीच्या जागी आत दडलेल्या असतात. त्या मोजून ‘९७ झाल्या, ३ राहिल्या, त्यांचे एसकेयू हे’ असे सांगण्याचे काम टूलने करायला हवे. मी तर एका वेळी वीसपेक्षा जास्त नोंदी एजंटला देतच नाही. माणसाच्या नजरेखालून वीस जातात, शंभर जात नाहीत.

सातवा तपास: साठा, पुनःप्रयत्न आणि एकाच वेळी होणारे बदल

येथून पुढचे काम डेव्हलपरचे आहे, पण लक्षण ओळखता येणे आवश्यक आहे. वूकॉमर्समधील साठ्याचे फील्ड एकूण आकडा ठेवते, आणि त्या वस्तूसाठी साठा-व्यवस्थापन चालू असेल तरच ते मानले जाते. तुमच्या टूलने मात्र ‘दहा वाढव’ अशी सोय दिली असेल, आणि जोडणी मध्येच तुटल्याने एजंटने तेच टूल पुन्हा चालवले असेल, तर साठा वीसने वाढतो. एकूण आकडा ठेवणाऱ्या टूलला ही बाधा होत नाही, पण त्याची वेगळी बाधा असते: एजंटने ४० हा आकडा वाचला, तेवढ्यात तीन बरण्या विकल्या गेल्या, आणि एजंटने दहा मिळवून ५० लिहिले, तर त्या तीन विक्री साठ्यातून पुसल्या जातात.

मार्च २०२५च्या आवृत्तीपासून एमसीपीमध्ये टूल केवळ वाचते का, नाश करू शकते का, पुन्हा चालवले तरी परिणाम तोच राहतो का, अशा खुणा टूलवर लावता येतात. त्या खऱ्याखुऱ्या लावाव्यात, कारण काही क्लायंट त्यांवरून माणसाची परवानगी मागायची की नाही हे ठरवतात. परंतु या केवळ सूचना आहेत. ‘पुन्हा चालवले तरी चालेल’ अशी खूण लावल्याने टूल तसे होत नाही. ते कोडमध्येच करावे लागते.

कोठे थांबावे

पुढील स्थितीत स्वतः दुरुस्ती करत बसू नये. चुकीच्या किमतीने किंवा चुकीच्या करवर्गाने बिले निघून गेली असतील तर नोंदी सुधारणे पुरेसे नसते; आधी आपल्या सीएंना गाठावे, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय जुन्या ऑर्डरींना हात लावू नये. जुनी मूल्ये कोठेही साठवलेली नसतील आणि अनेक नोंदी बिघडल्या असतील, तर एजंटलाच ‘पूर्वीसारखे कर’ असे सांगू नये, कारण पूर्वीचे काय होते हे त्याला माहीत नसते आणि तो ते रचून देईल. होस्टिंगवाल्यांकडे बॅकअप मागावा आणि तो चालू दुकानावर न टाकता वेगळ्या प्रतीवर उघडून त्यातून किमती काढण्याचे काम डेव्हलपरला द्यावे. दुरुस्त केलेली किंमत काही तासांनी आपोआप जुनी होत असेल, तर हिशेबाचे सॉफ्टवेअर किंवा दुसऱ्या विक्री-मंचाशी जोडलेली व्यवस्था ती परत लिहीत असण्याची शक्यता आहे, आणि दोन मालकांचा तो वाद टूलच्या वर्णनाने सुटत नाही. एपीआय की संभाषणात, ईमेलमध्ये किंवा लॉगमध्ये उघडी पडली असेल तर ती त्याच क्षणी रद्द करावी आणि मग मदत मागावी. पुरवठादाराकडून आलेल्या उत्पादन-माहितीत एजंटला उद्देशून लिहिलेली आज्ञा सापडली, तर एजंट पूर्ण बंद ठेवून सुरक्षेतल्या जाणकाराला दाखवावे. आणि डेटाबेसमध्ये थेट जाऊन किंमत बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. किंमत एकापेक्षा जास्त जागी साठवलेली असते आणि एकच जागा बदलली की पहिल्या तपासातला गाळणीचा दोष तुम्ही स्वतःच निर्माण करता.

डेव्हलपरला बोलावताना चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात: तुम्ही एजंटला दिलेली सूचना शब्दशः, एजंटने टूलला पाठवलेला मजकूर, टूलचे उत्तर, आणि सुरुवातीला उतरवलेली सीएसव्ही फाइल. कीची गुप्त बाजू मात्र त्यात पाठवू नये.